तास मोबाइलवर, पेपर न्यायालयात

मार्च २०२०च्या मध्यावर महाराष्ट्रातली महाविद्यालयं बंद झाली तेव्हा नोटिशीवर तारीख होती ३१ मार्च. त्या भरवशावर वसतिगृहातली मुलं दोन-चार कपडे पिशवीत कोंबून गावी गेली. वह्या, जर्नल्स, संदर्भपुस्तकं खोलीतच राहिली. पुढे अनेक ठिकाणी त्याच वसतिगृहांची विलगीकरण केंद्रं झाली, आणि मुलांच्या हाती अभ्यासाचं साधन म्हणून उरला तो मोबाइल.

त्या काळाविषयी बोलताना ‘ऑनलाइन शिक्षण’ म्हटलं की डोळ्यांपुढे लॅपटॉप येतो. प्रत्यक्षात बहुतेकांचं विद्यापीठ पाच-सहा इंचांचं होतं. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातल्या ग्रामीण भागात संगणक होता जेमतेम ४.४ टक्के घरांत, आणि इंटरनेटची सोय १४.९ टक्के घरांत. शहरांत हे आकडे २३.४ आणि ४२ होते. मधल्या काळात स्वस्त डेटामुळे मोबाइल वाढले, पण दिवसाचा दीड जीबी म्हणजे दोन-तीन तास आणि एखादं व्हिडिओ लेक्चर, की संपला. भाऊ आणि बहीण दोघंही शिकत असतील तर तोही वाटून घ्यायचा. सिंधुदुर्गात डोंगरावर, जिथे रेंज मिळते तिथे झोपडी बांधून अभ्यास करणाऱ्या मुलीची बातमी वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापली. कौतुक योग्यच होतं. पण डोंगर चढावा लागतो यात नवल कुणाला वाटलं नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली भागांत खांब उन्मळून पडले आणि वीज यायलाच कित्येक दिवस गेले. तिथल्या विद्यार्थ्यांना रेंज शोधायला डोंगरावर जाण्यातही अर्थ उरला नाही.

शिकवणाऱ्यांचे हालही काही कमी नव्हते. पंचवीस वर्षं खडू हातात धरलेले प्राध्यापक पुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवून घरातल्या भिंतीशी बोलू लागले. झूमची फुकटातली चाळीस मिनिटं संपली की सगळ्यांनी पुन्हा लिंक उघडायची. ‘आवाज येतोय का?’ हे तासाचं पहिलं वाक्य, आणि ‘व्हिडिओ बंद ठेवा, नेट अडकतंय’ हे दुसरं. ऐंशी नावांपैकी ऐकतंय कोण आणि लॉगिन करून गोठ्यात गेलंय कोण, हे कळायला मार्ग नव्हता. बऱ्याच महाविद्यालयांत शिकवणं शेवटी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ टाकण्यापर्यंत येऊन थांबलं. इतिहास-अर्थशास्त्राचं त्यावर कसंबसं भागलं. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने टायट्रेशन यूट्यूबवर पाहिलं आणि तयार निरीक्षणं जर्नलमध्ये उतरवून घेतली.

खरं तर दुरून शिकवण्याची कला महाराष्ट्राला नवी नव्हती. मुंबई विद्यापीठात पत्रद्वारा शिक्षण १९७१पासून होतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून उभं होतं. स्वतः वाचून समजेल अशी पुस्तकं कशी लिहायची, अभ्यासकेंद्रं कशी चालवायची, याचा तिथे तीन दशकांचा अनुभव होता. पारंपरिक विद्यापीठांनी या शिक्षणाकडे बहुधा दुय्यम म्हणूनच पाहिलं. २०२०मध्ये तीच विद्यापीठं रातोरात दूरशिक्षण देऊ लागली, पण ती पुस्तकं नाहीत, ती केंद्रं नाहीत आणि ती सवयही नाही.

आणि तरीही त्या वर्षी राज्यात वाद पेटला तो शिकवण्यावरून नव्हे, परीक्षेवरून. जूनमध्ये शासनाने ठरवलं की अंतिम वर्षाची परीक्षा घ्यायची नाही, आधीच्या सत्रांच्या गुणांवर पदवी द्यायची. उच्च शिक्षणमंत्री उदय सामंत एका बाजूला, कुलपती या नात्याने राज्यपाल भगतसिंह कोश्यारी दुसऱ्या बाजूला. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर घ्यायलाच हवी असं बजावलं. युवासेना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ ऑगस्टला न्या. अशोक भूषण यांच्या पीठाने निकाल दिला: राज्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली परीक्षा पुढे ढकलता येईल, मुदत वाढवून मागता येईल, पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. या सगळ्या महिन्यांत अंतिम वर्षाचा विद्यार्थी अभ्यास करायचा की नाही याच पेचात होता. नोकरीचं पत्र हातात असलेल्यांची पंचाईत आणखी वेगळी.

वाद परीक्षेवरच का अडला, याचं उत्तर १८५७पर्यंत मागे जातं. मुंबई विद्यापीठ त्या वर्षी स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवणं हे महाविद्यालयांचं काम. १८६२मध्ये रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे पहिले बी.ए. बाहेर पडले, तेव्हा विद्यापीठाचा स्वतःचा अध्यापन विभाग नव्हता. पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्र विभाग सोपवला गेला तो १९१९मध्ये. पुढे विद्यापीठं वाढली, विभाग वाढले, तरी संलग्न महाविद्यालयातल्या लाखो मुलांसाठी विद्यापीठ म्हणजे हॉलतिकीट, निकाल आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. संकट आल्यावर संस्था आपला मूळ धर्म धरून बसते. इथेही तेच घडलं.

तंत्रज्ञानाने हात भाजल्याची आठवणही ताजी होती. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन् महिने रखडले आणि कुलगुरू संजय देशमुख यांना पद गमवावं लागलं. त्याच विद्यापीठावर तीन वर्षांनी अख्खी अंतिम परीक्षा ऑनलाइन घेण्याची वेळ आली. तोडगा निघाला तो ५० गुणांचा, तासाभराचा, बहुपर्यायी प्रश्नांचा. महाविद्यालयांचे गट करून प्रत्येक गटाची जबाबदारी एका प्रमुख महाविद्यालयाकडे दिली गेली.

ऑक्टोबर २०२० या परीक्षांतल्या विघ्नांनी भरलेला होता. ६ तारखेला मुंबई विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेची परीक्षा सर्व्हरवरच्या सायबर हल्ल्यामुळे थांबवावी लागली. १२ तारखेला सकाळी ग्रीड बिघडून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जिथल्या तिथे थांबल्या, आणि परीक्षेला बसलेल्यांचे वायफाय बंद पडले. विद्यापीठाला त्या दिवशीचे पेपर पुन्हा घ्यावे लागले. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाची परीक्षा नेमकी त्याच दिवशी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी तांत्रिक अडचणींच्या तक्रारी आल्या. कुणाला लॉगिन होईना, कुणाला भलतीच प्रश्नपत्रिका. गंमत अशी, की सर्व्हर चालले तिथे उत्तरंही चालली, एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर. त्यावर नंतर पुष्कळ नाकं मुरडली गेली. पण मार्चपासून ज्यांना धड शिकवता आलं नाही त्यांच्याकडून एकाकी, प्रामाणिक परीक्षेची अपेक्षा करणंही तितकंच धाडसाचं होतं.

या सगळ्याचा डाग विद्यार्थ्यांच्या कपाळी लागला. जुलै २०२०मध्ये कृषी अभ्यासक्रमाच्या काही गुणपत्रिकांवर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असा शेरा छापला गेला. गदारोळ झाला, तेव्हाचे कृषिमंत्री दादाजी भुसे यांना लक्ष घालावं लागलं. शेरा हटला तरी ‘कोविड बॅच’ हा टोमणा हटला नाही. मुलाखतीला गेलेल्या मुलांना तो ऐकावा लागला, आणि त्यांनी स्वतःही तो स्वतःवरच विनोदासारखा वापरला.

महाविद्यालयं १५ फेब्रुवारी २०२१पासून निम्म्या उपस्थितीने उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली. २० ऑक्टोबरला लस घेतलेल्यांसाठी उघडली, जानेवारी २०२२मध्ये तिसऱ्यांदा बंद झाली. या उघडझापीत २०२०ला पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलांचं काय झालं, ते सर्वांत विलक्षण. त्यांनी कॉलेजचा कट्टा फोटोत पाहिला. वर्गमित्रांची ओळख झाली ती डीपीवरून, आणि शिक्षकांची आवाजावरून. सलग सत्रं पर्यायांवर टिचकी मारून पार पडली.

२०२२च्या उन्हाळ्यात परीक्षा पुन्हा केंद्रावर, लेखी होणार असं ठरलं, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शिकवलं ऑनलाइन, तर परीक्षा ऑफलाइन कशी, हा त्यांचा सवाल. एप्रिलमध्ये कुलगुरूंच्या बैठकीनंतर मध्यममार्ग निघाला: विद्यार्थ्यांना प्रश्नपेढी द्यायची आणि पेपरच्या प्रत्येक तासामागे पंधरा मिनिटं जादा. लिहिण्याचा सराव सुटला आहे, ही त्यामागची कबुली होती. त्या जून-जुलैत दुसऱ्या वर्षाच्या अनेक मुलांनी पदवीचा पहिला लेखी पेपर दिला, चौथ्या सत्राचा.