मृत्युपत्र झाले, भागीदारीचे काय?

मृत्युपत्राचा विषय निघाला की ‘आत्ताच कशाला हे अभद्र बोलणे’ असे म्हणून तो बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. व्यापारी कुटुंबांत त्यात आणखी एक संकोच असतो. कर्ता पुरुष हयात असेपर्यंत पेढीचे खरे आकडे मुलांनाही ठाऊक नसतात. परिणामी घर आणि धंदा या दोहोंच्या वाटणीचा प्रश्न तेराव्यानंतर एकदमच वारसांपुढे येतो.

मृत्युपत्र करणे मुळात अवघड नाही. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक असते. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. (मुस्लिम व्यक्तिगत कायद्याचे नियम वेगळे आहेत.) चूक होते ती साक्षीदार निवडताना. सत्तरीतले गृहस्थ समवयस्क स्नेह्यांना बोलावतात आणि मृत्युपत्र शाबीत करण्याची वेळ येते तेव्हा दोन्ही साक्षीदार हयात नसतात. वयाने लहान, मिळकतीत ज्यांचा काहीही लाभ नाही असे साक्षीदार आणि प्रकृती उत्तम असल्याचा डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला एवढी काळजी पुरेशी असते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मात्र केवळ स्वतःच्या हिश्शापुरतेच मृत्युपत्र करता येते.

मुंबईकरांना ‘प्रोबेट’ हा शब्द परिचित आहे. मुंबई, कोलकाता व चेन्नई येथील मृत्युपत्रांना त्याची सक्ती करणारे कलम २१३ संसदेने २०२५ च्या अखेरीस वगळले. सक्ती गेली तरी प्रोबेट घेण्याची सोय कायम आहे आणि भावंडांत कुरबूर असेल तर ते घेतलेले बरे.

‘नॉमिनी केले आहे, मग मृत्युपत्र कशाला?’ हा सर्वांत जुना आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज. समभाग व म्युच्युअल फंडांबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने २०१० मध्ये नॉमिनीलाच मालक ठरविले होते. २०१६ मध्ये खंडपीठाने ते मत फेटाळले आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. नॉमिनीच्या हाती मालमत्ता सोपविली जाते, मालकी वारसांचीच राहते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांतही नॉमिनीला केवळ तात्पुरते सदस्यत्व मिळते.

खरा गुंता भागीदारी पेढीचा. समजा, दादरमध्ये दोन मित्रांचे कापडाचे दुकान आहे आणि एकाने मृत्युपत्रात ‘दुकानातील माझी भागीदारी मुलास’ असे लिहून ठेवले. वाचायला हे वाक्य स्वच्छ वाटते. परंतु भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ४२ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर पेढीच विसर्जित होते. त्यातही भागीदार दोनच असतील तर मागे उरतो एकटा. आणि एकट्याची पेढी होत नाही. मुलाला मिळतो तो हिशेबाअंती निघणारा पैसा. गल्ल्यावर बसण्याचा हक्क त्याला उरलेल्या भागीदाराच्या संमतीशिवाय मिळत नाही. हिशेब चुकता न करताच धंदा चालू ठेवला गेला तर कलम ३७ नुसार वारसांना दोन पर्याय असतात: वडिलांच्या भांडवलावर झालेल्या नफ्याचा वाटा किंवा सालीना सहा टक्के व्याज. भांडण बहुधा पेढीचे नाव, जागेची पागडी आणि वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांची किंमत काय धरायची यावर जुंपते. करारात मूल्यांकनाची पद्धत, पैसे देण्याची मुदत आणि वारसाला पेढीत घ्यायचे की नाही, ही तीन कलमे असली तर पुढची कित्येक वर्षे वाचतात. मृत्युपत्र लिहिताना करारनामा शेजारी ठेवावा, असा वकिलांचा आग्रह असतो तो यासाठीच.

वारसांच्या हातून हमखास निसटतात ती येणी. उधारीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून देणे कबूल केले तर मुदत नव्याने मोजली जाते. धनादेश न वटल्यास बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढे एक महिन्यात फिर्याद. सुतकाचे दिवस या मुदतीतून वजा होत नाहीत. मालक एकटाच असलेल्या दुकानाची उधारी वसूल करताना न्यायालयाचा हुकूमनामा मिळविण्यासाठी वारसांना उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा प्रोबेट हजर करावे लागते. भागीदारी पेढी नोंदणीकृत नसेल, तर तिला करारापोटीची येणी मागणारा दावाच बाहेरच्या माणसावर लावता येत नाही. नोंदणीचे शुल्क पाहता हा निष्काळजीपणा अनाकलनीय म्हणावा लागेल.

भागीदारी करारावरून उद्भवणारा वाद व्यापारी वाद गणला जातो. त्याचे मूल्य तीन लाख रुपये वा अधिक असेल आणि तातडीचा आदेश नको असेल, तर आधी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते. ती बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. करारात लवादाचे कलम असेल तर ते भागीदाराच्या मृत्यूने संपत नाही. वडिलांनी केलेली ती सही मुलांवरही बंधनकारक राहते.