ऑक्सिजन सेन्सर : अचूकतेचा अल्प इतिहास

१/ १९७६ साली कॅलिफोर्नियातील धुराच्या कडक नियमांमुळे व्होल्वोने आपल्या मोटारीत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर बसवला.

२/ तीन प्रदूषके एकाच वेळी निष्प्रभ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला पेट्रोलच्या सुमारे १४.७ पट वजनाची हवा लागे. हा नेम कार्ब्युरेटरला साधणे दुष्कर होते.

३/ झिर्कोनियाचा तो सेन्सर नेमके प्रमाण सांगत नसे. मिश्रणात पेट्रोल अधिक असता सुमारे ०.९ व्होल्ट, हवा अधिक असता ०.१, एवढीच त्याची भाषा. त्यावरून इलेक्ट्रॉनिक नियंत्रक इंधन सतत कमी-अधिक करी. अचूकता होती ती या हेलकाव्यांच्या सरासरीत.

४/ शिसे मात्र सेन्सर व कन्व्हर्टर दोहोंना मारक. म्हणूनच १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा होताना शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले.