फायबरग्लास डेकची दुरुस्ती (जुन्या लहान शिडाच्या नौका)

फायबरग्लास डेकची दुरुस्ती : साधारणपणे १९६० ते १९९० या काळात बांधलेल्या लहान शिडाच्या नौकांच्या डेकमधला कुजलेला गाभा काढून कोरडा गाभा बसवणे आणि पाणी आत शिरण्याच्या वाटा कायमच्या बंद करणे. यातले दुसरे काम बहुधा राहून जाते, म्हणूनच दुरुस्त झालेला डेक काही वर्षांत पुन्हा मऊ पडतो.

रचना : या नौकांचा डेक सलग भरीव नसतो. काचतंतूंचे कापड पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून केलेली दोन पातळ कवचे आणि त्यांच्यामध्ये हलका गाभा, अशी ती सँडविच रचना असते. कवचे एकमेकांपासून दूर राहिल्याने थोड्या वजनातही डेक माणसाच्या पावलाखाली दबत नाही. गाभ्यासाठी बाल्सा हे अतिशय हलके लाकूड (मुख्यतः इक्वेडोरमधले) वापरत. तंतू उभे राहतील असे त्याचे चौकोनी ठोकळे जाळीदार कापडावर चिकटवलेले असत. काही बांधणाऱ्यांनी प्लायवुड पसंत केले. अमेरिकेत रॉड जॉनस्टन यांनी आखलेल्या आणि १९७७ पासून पाच हजारांहून अधिक बांधल्या गेलेल्या ‘जे/२४’ या शर्यतीच्या नौकेत तर डेकप्रमाणे तळकायेतही बाल्सा आहे.

बिघाडाचे कारण : दोष बाल्साला दिला जातो, तो अर्धाच खरा आहे. उभ्या तंतूंतून पाणी आडवे सहजी सरकत नाही. पण ठोकळ्यांमधल्या फटी बांधणीच्या वेळी रेझिनने भरल्या नसतील, तर त्यांचे पाट होतात आणि एका भोकातून शिरलेले पाणी हात-दोन हात दूर जाऊन मुरते. प्लायवुडमध्ये ते थरांच्या तंतूंतून पसरते. खरा दोष भोकांचा. कठड्याचे खांब, दोर बांधायचे क्लीट, डोलकाठीचे ताणदोर अडकवायच्या धातूच्या पट्ट्या, झडपांच्या चौकटी, हे सारे गाभ्यातून थेट भोक पाडून, थोडे सीलंट लावून बोल्टने आवळलेले असते. कठड्याच्या खांबाला कोणी रेलले की तो तरफेसारखा हलतो, सीलंट सुटते आणि पाण्याला वाट मिळते. थंड देशांत हिवाळ्यात हेच पाणी गोठून फुगते आणि कवचे सुटी करते. कोकण किनाऱ्यावर बर्फाचा प्रश्न नाही, पण उबेत बुरशीचे चांगले फावते.

तपासणी : बाजारात मडके घेताना वाजवून पाहतात, तसाच डेक प्लास्टिकच्या हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजवत जातात. निरोगी जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द. पायाखाली दबणारा भाग आणि बोल्टच्या भोकातून झिरपणारे तपकिरी पाणी या पुढच्या अवस्थेच्या खुणा. आर्द्रतामापक उपयोगी आहे, मात्र खालच्या बाजूचा धातूही त्याला ओल वाटतो. शंका फिटत नसेल तर केबिनच्या बाजूने, फक्त आतले कवच भेदील असे छोटे भोक पाडून लाकडाचा कीस बोटांत चुरडून पाहावा.

गाभा बदलणे : भोके पाडून आत पातळ एपॉक्सी टोचण्याचा उपाय लोकप्रिय आहे. गाभा कोरडा असून कवच नुसते सुटले असेल, तरच तो चालतो. ओल्या, कुजक्या लाकडात एपॉक्सी शिरत नाही. शिरले तरी चिकटत नाही. तिथे वरचे कवच कापावेच लागते. करवतीची खोली कवचापुरतीच ठेवतात आणि काप शक्यतो खरखरीत नक्षीच्या कडेने घेतात, म्हणजे सांधा पुढे रंगाखाली लपतो. कवच उचलून जपून ठेवतात, निरोगी लाकूड लागेपर्यंत गाभा खरवडतात आणि जागा पूर्ण वाळू देतात. ही वाळवणीच सर्वांत जास्त दिवस खाते. नवा गाभा बाल्साचा किंवा पीव्हीसी फोमचा घेतात. बाल्सा आधी पातळ एपॉक्सीने भिजवतात, नाहीतर तो सांध्यातले एपॉक्सी शोषून सांधा कोरडा पाडतो. मग सिलिकाची पूड घालून दाट केलेल्या एपॉक्सीत तो बसवून वर वजने ठेवतात. जुने कवच परत चिकटवल्यावर सांध्याच्या दोन्ही कडा जाडीच्या बारापट रुंदीचा उतार देऊन घासतात, म्हणजे ३ मिमी कवचाला प्रत्येक बाजूस ३६ मिमी, आणि त्या खळग्यात काचकापडाचे थर भरतात. केबिनमधून, म्हणजे खालून, काम केले तर वरची नक्षी वाचते. पण रेझिन डोक्यावर गळते, आणि एकदा तसे काम केलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा त्या वाटेला जात नाही.

एपॉक्सी लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवू नये; प्रमाण बिघडले की ते कायमचे चिकट राहते. दमट हवेत घट्ट झालेल्या थरावर मेणचट साय येते. ती आधी पाण्याने घासून धुवावी, मगच पॉलिशपेपर लावावा. मुंबई-रत्नागिरीकडे म्हणूनच हे काम पावसाळा टाळून करणे बरे. एपॉक्सी त्वचेला लागत राहिल्यास आयुष्यभराची ॲलर्जी जडू शकते, तेव्हा हातमोजे हवेत. काचेच्या धुळीसाठी श्वसनमुखवटा हवा. एपॉक्सी उन्हात टिकत नाही, त्यामुळे शेवटी दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग देतात. पाय घसरू नये म्हणून ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरवतात.

भोके बंद करणे : जुने भोक बोल्टपेक्षा बरेच मोठे करतात, किंवा वाकवलेला खिळा ड्रिलला लावून दोन कवचांमधला गाभा भोकाभोवती पोखरतात. पोकळी दाट एपॉक्सीने भरून, ते घट्ट झाल्यावर मधोमध बोल्टचे भोक पाडतात. आता सीलंट सुटले तरी पाणी केबिनमध्ये ठिबकेल, गाभ्यात जाणार नाही. शिवाय बोल्ट आवळताना डेक चेपत नाही. खालून धातूची रुंद पट्टी देतात. सीलंट म्हणून ब्यूटाइल टेप उत्तम. ती कडक होत नाही, दाबाने हळूहळू पसरते, म्हणून बोल्ट एकदम न आवळता काही दिवसांत थोडे थोडे आवळतात. सिलिकोन मात्र टाळावे : त्याचा अंश पृष्ठभागावर राहतो आणि पुढे तिथे ना रंग धरतो, ना दुसरे सीलंट.