ऑक्टोबरची बिअर

बिअर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बाटली, दुकान आणि परवाना उभा राहतो. एके काळी ती स्वयंपाकघरातली वस्तू होती, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. इंग्लंडात मात्र कित्येक शतके पाव भाजणे आणि बिअर करणे ही गृहिणीच्या हातची दोन जुळी कामे मानली जात. जर्व्हेस मार्कहॅम याचा ‘द इंग्लिश हाउसवाइफ’ हा ग्रंथ १६१५ साली निघाला. त्यात औषधी काढे आणि स्वयंपाक यांच्याच पंक्तीला, मार्च महिन्यात करून वर्षभर मुरवायच्या कडक बिअरची कृतीही दिलेली आहे.

या विद्येस लागणारी सामग्री अगदी साधी होती. जव भिजवून, मोड आणून, वाळवून भरडायचे. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये, कारण दोहींचे मर्म एकच आहे. मोड येताना दाण्यात जी विकरे जागी होतात, ती पिठूळ अंशाची साखर करतात. त्यासाठी भरड सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तास-दीड तास मुरावी लागते. तापमापक नव्हता तेव्हा उकळते पाणी टबात ओतून थांबत. वाफ विरळ होऊन पाण्यात आपले तोंड स्पष्ट दिसू लागले, की भरड घालायची वेळ झाली! मग गाळलेला गोड रस हॉप या वेलीच्या कडवट फुलांसह उकळायचा, निववायचा आणि मागच्या खेपेचे यीस्ट घालून आंबत ठेवायचा.

कडकपणाचे रहस्यही असेच सोपे होते. नारळाचा पहिला रस दाट निघतो, पुन्हा पाणी घालून पिळला की दुसरा पातळ येतो. त्याच न्यायाने भरडीच्या पहिल्या पाण्यात साखर सर्वाधिक उतरे आणि त्याची कडक बिअर होई. पुढच्या पाण्यांची हलकी बिअर मुलाबाळांनी व गड्यांनी रोज प्यावी. कडक बिअरसाठी ऑक्टोबर निवडण्यास कारण होते. नवे धान्य व हॉप हाती आलेले असत, आणि उन्हाळ्यात रस नासविणारे जंतू थंडीत मंदावत. अशी बिअर पिपात वर्षे दोन वर्षे मुरे. मोठ्या घराण्यांत वारसाच्या जन्मावेळी केलेले पीप तो एकवीस वर्षांचा झाल्यावर फोडण्याचीही रीत होती.

हॉपचा उपकार मात्र एकेरी नव्हता. त्याच्यावाचून केलेली जुनी एल चार-सहा दिवसांत आंबे, म्हणून ती गावोगावच्या स्त्रिया घरी करून शेजारीपाजारी विकत. पंधराव्या शतकापासून हॉप रुजले, माल टिकू लागला, साठवणुकीला भांडवल लागले, आणि हळूहळू हा धंदा बायकांच्या हातून पुरुषांच्या कारखान्यांत गेला.

त्यातच कराचा वरवंटा फिरला. १६४३ पासून विक्रीच्या बिअरवर आणि १६९७ पासून माल्टवर कर बसला. घरी बिअर करणाऱ्यास पहिला कर माफ होता. म्हणजे तांब्याची मोठी कढई बाळगणारा जमीनदार सुटला आणि गुत्त्यावर पेला विकत घेणारा मजूर भरडला गेला. विल्यम कॉबेट या तिखट लेखकाने १८२१ साली ‘कॉटेज इकॉनॉमी’ लिहायला घेतले, ते याच चिडीतून. कढई, भरड मुरवायचा टब, खालचे पसरट भांडे, आंबवण्याचा टब आणि निववायच्या उथळ पराती, इतक्यावर गरिबाचे भागेल, हे त्याने हिशेब मांडून सांगितले. चहाने मजुराची ताकद खाल्ली, असा त्याचा दावा होता. चहाप्रेमी वाचकांना तो पटणार नाही. मलाही पटत नाही. परंतु कराविषयीचा त्याचा संताप रास्त होता. १८३० साली बिअरवरचा कर उठला, माल्टवरचा राहिलाच.

याच ऑक्टोबरी बिअरची एक बहीण आपल्या बंदरांत उतरली. लंडनच्या बो भागात १७५२ पासून बिअर करणारा जॉर्ज हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील कप्तानांना दीर्घ मुदतीच्या उधारीवर पिंपे देई. मुंबई, मद्रास, कलकत्त्यास पोहोचेतो चार-सहा महिने जात. विषुववृत्त दोनदा ओलांडताना ती अशी मुरे, की तळघरातील दोन वर्षांचे काम समुद्रच करी. हॉजसनने ती हिंदुस्थानसाठी मुद्दाम शोधली, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला आधार नाही. हाताशी होती तीच बिअर त्याने पाठवली.

१८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरील कर काढून तो बिअरवर आणला आणि घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना लावला. घरोघरची कढई बहुधा तेथेच विझली. १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंगने तो परवाना रद्द केला. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठताना घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती उणीव १९७८ च्या कायद्याने भरली. आपल्याकडे हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो, म्हणून नियम प्रांताप्रांतांत बदलतात.

त्यानंतर ब्रिटनमध्ये औषधांच्या दुकानांतही घट्ट माल्टरसाचे डबे मिळू लागले. नवशिक्याकडे आज प्लॅस्टिकची बादली आणि हवा बाहेर सोडणारी छोटी नळी असते. कडक बिअर हवी असेल तर तोही तेवढ्याच माल्टात पाणी कमी घालतो, यीस्ट अधिक टाकतो आणि बाटल्या कित्येक महिने अंधारात ठेवून देतो.