विमान ऑटोमॅटिक, ट्रॅफिक कंट्रोल माणसाच्या हातात: दोघांचं जमतं कसं?

मोबाईलवर फ्लाइट ट्रॅकिंग ॲप उघडून मुंबईकडे येणारी विमानं बघत बसायची मला सवय आहे. सरळ येणारं विमान मध्येच वळतं, लंबगोल फेऱ्या मारतं आणि मग पुन्हा रांगेला लागतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, एवढा भारी कम्प्युटर असूनही विमान रस्ता चुकलं की काय! तसं नसतं. कम्प्युटरचा प्लॅन एक असतो आणि जमिनीवरून आलेली सूचना वेगळी असते. या दोघांचा मेळ कसा बसतो, आणि नाही बसला तर काय होतं, ते आज बघूया.

विमानाचा कम्प्युटर काय करतो?

आजच्या प्रवासी विमानात फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजेच एफएमएस असते. उड्डाणाआधीच पायलट तिच्यात सगळा मार्ग भरतात. मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूंना वेपॉइंट म्हणतात आणि प्रत्येकाला नाव असतं. वजन, वारा आणि उरलेलं अंतर बघून एफएमएस ठरवते की उतरायला कुठून सुरुवात करायची. ढोबळ हिशेब असा: १,००० फूट खाली यायला साधारण ३ नॉटिकल मैल लागतात. म्हणजे ३६,००० फुटांवरून उतरायचं असेल तर १०८ नॉटिकल मैल, जवळपास २०० किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. इंजिन जवळजवळ आयडलवर ठेवून विमान घसरगुंडीसारखं खाली येतं आणि इंधन वाचतं.

मग अडचण कुठे येते?

एफएमएस फक्त आपल्या विमानाचा विचार करते. एअर ट्रॅफिक कंट्रोलरला मात्र आकाशातली सगळीच विमानं सांभाळायची असतात. मुंबईचंच घ्या. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवता येत नाहीत. मग रांग लावावी लागते. कंट्रोलर रेडिओवर सांगतो, या दिशेला वळा, वेग कमी करा, इतक्या उंचीवर थांबा. याला व्हेक्टरिंग म्हणतात.

अशी सूचना आली की पायलट एफएमएसचा मार्ग सोडून सांगितलेली दिशा पकडतात. ऑटोपायलट चालूच असतो, पण धावपट्टीपर्यंत अजून किती अंतर कापायचंय हे एफएमएसला नक्की कळत नाही. गाडी चालवताना ट्रॅफिक पोलिसाने तुम्हाला गल्लीत वळवलं, तर मॅप निदान नवा रस्ता शोधून देतो. इथे पुढचं वळण कंट्रोलरच्या डोक्यात असतं. म्हणून पायलट चक्क विचारतात, ‘अजून किती मैल?’ त्यावरून ते उतरण्याचा वेग पुन्हा जुळवतात.

काली, १९९५

२० डिसेंबर १९९५ ला अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट ९६५ मायामीहून कोलंबियातल्या काली शहराकडे येत होतं. विमानतळ ओलांडून पुढे जायचं आणि वळून उतरायचं, असा मूळ बेत होता. कंट्रोलरने विचारलं, समोरूनच थेट उतरता का? पायलट हो म्हणाले. आता वेळ कमी होता आणि उंची जास्त. त्यांनी वेग मारणारे स्पीडब्रेक उघडले आणि घाईघाईने नवा मार्ग भरायला घेतला.

त्यांना हवा होता रोझो नावाचा बिंदू. नकाशावर त्याचं अक्षर होतं ‘आर’. पण एफएमएसमध्ये ‘आर’ टाकल्यावर यादीत वर आला रोमिओ, थेट बोगोटाजवळचा! तो निवडला गेला आणि ऑटोपायलटने सांगितल्याप्रमाणे विमान डावीकडे, डोंगरांच्या दिशेने वळवलं. कालीमध्ये तेव्हा रडार नव्हतं, त्यामुळे कंट्रोलरला हे दिसलं नाही. धोक्याचा इशारा वाजल्यावर पायलटांनी विमान वर खेचलं, पण स्पीडब्रेक उघडेच होते. विमानातले १५९ जण गेले, फक्त ४ वाचले.

इथे कम्प्युटर बिघडला नव्हता बरं का. कंट्रोलरची एका वाक्यातली सूचना कम्प्युटरला समजावून सांगायला वेळ लागतो. तो वेळच मिळाला नाही.

मशीन एक सांगतं, माणूस दुसरं

१ जुलै २००२ ला जर्मनीत उबरलिंगनजवळ एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकमेकांच्या मार्गात आली. टक्कर टाळणारी टीकास यंत्रणा दोन्ही विमानांत होती. तिने रशियन विमानाला ‘वर जा’ सांगितलं, मालवाहू विमानाला ‘खाली या’. त्याच वेळी कंट्रोलर रशियन विमानाला ‘खाली या’ सांगत होता. टीकासने काय सांगितलंय हे त्याला दिसत नव्हतं. दोन्ही विमानं खाली आली आणि धडकली. ७१ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नियम स्पष्ट केला गेला: टीकासचा आदेश आला की तोच पाळायचा, कंट्रोलर उलट सांगत असला तरी.

आता उपाय काय?

१. ठरलेले मार्ग: विमानतळाकडे येण्याचे मार्ग आधीच एफएमएसच्या डेटाबेसमध्ये असतात. कंट्रोलरने शक्यतो त्याच मार्गावर ठेवून फक्त वेग बदलायला सांगितला, तर कम्प्युटरचा हिशेब बराचसा टिकतो.

२. सीपीडीएलसी: सोप्या शब्दांत कंट्रोलर आणि पायलट यांचं चॅटिंग. अनेक विमानांत मेसेजमधला नवा मार्ग बटण दाबून थेट एफएमएसमध्ये घेता येतो, त्यामुळे टायपिंगच्या चुका टळतात. अरबी समुद्रावरच्या विमानांसाठी मुंबईचं केंद्र हे वापरतं. पण उत्तर यायला वेळ जातो, म्हणून धावपट्टीजवळ आवाजी रेडिओच लागतो.

३. ‘अनेबल’: म्हणजे ‘जमणार नाही’. सूचना सुरक्षितपणे पाळता येत नसेल तर पायलट हा शब्द वापरू शकतो. मग कंट्रोलर दुसरा पर्याय देतो.

तेव्हा पुढच्या वेळी तुमचं विमान मुंबईवर घिरट्या घालू लागलं तर वैतागू नका. खाली कोणीतरी रांग लावतंय, आणि वर पायलट ती रांग कम्प्युटरला समजावून सांगतोय. त्यासाठी लागणारी दहा-पंधरा मिनिटं त्यांना मिळालेलीच बरी.