लोकमान्यांचे पार्ल्यातील स्मारक

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. त्यांचे स्मारक विलेपार्ल्याच्या नागरिकांनी शाळेच्या रूपाने उभारले. जून १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले.

हे स्मारक यथोचितच होय. टिळक मुळात शिक्षक. चिपळूणकर व आगरकर यांच्यासमवेत त्यांनी १८८० साली पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढे त्यांच्या चतुःसूत्रीतही राष्ट्रीय शिक्षणास स्थान होते.

पार्ले तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते; त्या हद्दीत ते १९५० साली आले. उपनगराचा स्वतंत्र जिल्हाही नुकताच, १९२० साली, झाला होता. अशा नव्या वस्तीतील मुलांच्या शिक्षणाची काळजी रहिवाश्यांनी स्वतःच वाहिली. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. शाळा चालविणाऱ्या संस्थेने १९५९ साली पार्ले कॉलेज, म्हणजे आजचे साठये महाविद्यालय, काढले आणि पुढे इंग्रजी माध्यमाची शाळाही.

आज मुंबईतील अनेक मराठी शाळांची पटसंख्या रोडावली आहे. मग समुद्रात भर घालून वसविलेल्या द पर्लमध्ये राहणाऱ्या आपणांस तर मराठी शाळा दुर्लभच! तथापि पार्लेकरांनी कोणाची वाट पाहिली नाही. आठवड्यातून एक दिवस, चार घरची मुले एकत्र बसवून मराठी वाचन-लेखन शिकविणे आपल्याही हाती आहे. तेवढा आरंभ आपण अवश्य करावा.