कुजणे, सडणे, नासणे : इंग्रजीतील क्षयवाचक शब्द

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्या परिसरात आणि वसमत भागात हळद हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. तेथील शिवारात ‘कुजणे’ हे एकच क्रियापद परस्परविरुद्ध प्रसंगी ऐकू येते. लागवडीपूर्वी शेणखत चांगले ‘कुजलेले’ असावे लागते. पावसाळ्यात पाणी साचून कंद ‘कुजला’, तर मात्र वर्षभराची मेहनत वाया जाते. मराठीत वरदान आणि आपत्ती या दोहोंना एकच धातू पुरतो. इंग्रजीत तसे चालत नाही. म्हणूनच या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या छटा विद्यार्थ्यांनी, अनुवादकांनी आणि औषधांच्या वेष्टनावरील मजकूर वाचणाऱ्या शेतकऱ्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

रॉट : हा मूळचा इंग्रजी, रोजच्या बोलण्यातला शब्द. ओलावा आणि बुरशी यांमुळे लाकूड, फळ, मूळ मऊ पडून निकामी होणे, हा त्याचा मुख्य अर्थ. त्याची दोन विशेषणे लक्षात ठेवावीत. ‘रॉटन’मध्ये किळस आहे, अंडे, फळ किंवा माणसाची वागणूकही रॉटन असते. ‘रॉटेड’मध्ये केवळ प्रक्रिया पूर्ण झाल्याची नोंद आहे. त्यामुळे उत्तम कुजलेल्या शेणखताला ‘वेल-रॉटेड मॅन्युअर’ म्हणतात; तेथे ‘रॉटन’ लिहिले तर स्तुतीची निंदा होते. ‘तुरुंगात सडणे’ या आपल्या प्रयोगाला इंग्रजीतही ‘रॉट’च चालतो.

डिके : लॅटिनमधील ‘खाली पडणे’ या अर्थाच्या धातूपासून हा शब्द आला. आपला ‘भ्रष्ट’ हा शब्दही संस्कृतातील ‘पडणे, ढळणे’ याच अर्थाच्या धातूचा आहे, हे साम्य मनोरंजक आहे. ‘डिके’ हा ‘रॉट’पेक्षा संयत शब्द असून हळूहळू होणारी झीज तो दाखवतो. दात किडणे म्हणजे ‘टूथ डिके’. किरणोत्सारी पदार्थाचा क्षय, जुन्या वाड्याची पडझड, संस्थेचा ऱ्हास येथेही हाच शब्द येतो. दंतवैद्यकात किडीला ‘कॅरीज’ अशी पारिभाषिक संज्ञा आहे.

डिकम्पोज : घटक सुटे होणे, म्हणजेच विघटन. हा शास्त्रीय आणि तटस्थ शब्द आहे. पालापाचोळ्याचे खत होताना जीवाणू व बुरशी जे कार्य करतात, त्याला हाच शब्द शोभतो.

प्युट्रिफाय : मांसासारखा प्रथिनयुक्त पदार्थ दुर्गंधीसह सडणे. लिहिताना यात पाचवे अक्षर ‘आय’ नसून ‘ई’ आहे, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

फेस्टर : जखम चिघळणे. वाद किंवा मनातली अढीही ‘फेस्टर’ होते. ‘वाद चिघळला’ या मराठी प्रयोगाशी ते तंतोतंत जुळते.

स्वयंपाकघरात मात्र मराठीची श्रीमंती अधिक दिसते. दूध नासते, डाळ आंबते, भाजी विटते, तेल खवट होते, भाकरी शिळी होते. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी ‘स्पॉइल’ किंवा ‘गो बॅड’ यांवर भागते. तरी काही भेद पाळावेच लागतात. तेलातुपासाठी ‘रॅन्सिड’, शिळ्या पावासाठी ‘स्टेल’, बुरशी आलेल्या पावासाठी ‘मोल्डी’, आंबलेल्या दुधासाठी ‘सावर’. दुधासाठी ‘रॉट’ वापरणे ही आपल्याकडील विद्यार्थ्यांची नेहमीची चूक आहे. एका नासक्या आंब्याने सगळी अढी नासते, असे आपण म्हणतो. इंग्रजीत आंब्याच्या जागी सफरचंद आणि अढीच्या जागी पिंप येते, क्रियापद मात्र ‘स्पॉइल’च असते. या म्हणीला शास्त्राचाही आधार आहे. पिकणाऱ्या व इजा झालेल्या फळातून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि शेजारची फळे लवकर पिकून उतरू लागतात.

शेतीच्या परिभाषेत शब्दांची गल्लत सर्वाधिक महाग पडते. ‘रॉट’ म्हणजे कूज किंवा सड : कंदकूज, मूळकूज, कपाशीची बोंडसड. ‘विल्ट’ म्हणजे मर, ‘ब्लाइट’ म्हणजे करपा, ‘रस्ट’ म्हणजे तांबेरा. मूळकुजीनेही झाड कोमेजते. म्हणून वरवर पाहून ‘विल्ट’ असा निष्कर्ष काढू नये. झाड उपटून मूळ पाहावे. हळदीच्या कंदकुजीत पाने कडेने पिवळी पडत वाळतात, खोडाचा बुंधा मऊ व पाणचट होतो, ते सहज उपटून येते आणि कंदाला दुर्गंधी येते. ‘पिथियम’ या रोगकारकाला निचरा न होणारी भारी जमीन मानवते. त्यामुळे चर काढून पाणी बाहेर घालवणे हा पहिला उपाय ठरतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून दिली जाणारी ‘ट्रायकोडर्मा’ ही बुरशी या रोगकारकाला आवर घालते. उपकारक कुजणे असे अपायकारक कुजण्याच्या विरोधात उभे राहते.

रोगाचे प्रचलित नाव आणि शास्त्रीय नाव वेगळे असू शकते. १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ ओढवणाऱ्या बटाट्याच्या रोगाला लोक ‘पोटॅटो रॉट’ म्हणत. शास्त्र त्याला ‘लेट ब्लाइट’ म्हणते. त्याचा कारक ‘फायटोफ्थोरा’ हा पिथियमच्याच गटातला आहे. अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो याने १८५४ च्या ‘वॉल्डन’मध्ये बटाट्याच्या या कुजीशी तुलना करूनच ‘ब्रेन रॉट’ हा शब्द वापरला. निरर्थक मजकूर सतत पाहून येणाऱ्या बौद्धिक जडत्वासाठी तो नव्याने रूढ झाला आणि ऑक्सफर्डने त्याला २०२४ चा ‘वर्षाचा शब्द’ ठरवले.

तेव्हा इंग्रजी शब्द निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : काय कुजते आहे, कशाने कुजते आहे आणि त्या कुजण्याने लाभ आहे की हानी? उत्तरे मिळाली की योग्य शब्द सापडण्यास फारसा वेळ लागत नाही.